खाजरा घोडा आणि चाऱ्यातलं तांबं-जस्त: हिशोब कसा मांडायचा

घोडा आयाळ आणि शेपटीचं बूड घासून रक्त काढायला लागला की बहुतेक जण खनिजांची पिशवी आणतात आणि एक चमचा चंदीत टाकायला सुरुवात करतात. महिनाभराने फरक दिसत नाही, मग दुसरी पिशवी येते. इथे चूक खनिजं देण्यात नाही, हिशोब न मांडता देण्यात आहे. शिवाय खनिजांनी काय होतं आणि काय होत नाही, हेही आधी नीट कळलेलं नसतं. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

तांबं, जस्त, मँगनीज, सेलेनियम ही सूक्ष्म खनिजं कमी पडल्यामुळे ॲलर्जी होत नाही आणि ती भरून काढल्याने ॲलर्जी जात नाही. घोड्यांमधली सर्वांत जास्त आढळणारी त्वचेची ॲलर्जी चिलटांच्या चाव्याची. क्युलिकॉइडिस जातीचं बारीक चिलट चावतं, त्याच्या लाळेतल्या प्रथिनांविरुद्ध घोड्याचं शरीर आयजीई नावाची ॲलर्जीची प्रतिपिंडं तयार करतं आणि पुढच्या प्रत्येक चाव्याला कातडी पेट घेते. आइसलंडच्या घोड्यांवरून हे फार स्वच्छ दिसतं. मायदेशी ते या आजारापासून मोकळे असतात. युरोपच्या मुख्य भूमीवर आणल्यावर, चिलटांच्या प्रदेशात काही उन्हाळे काढले की त्यांतल्या पुष्कळांना तो होतो. फरक पडतो तो मुख्यतः चिलटाने.

मग खनिजांकडे बघायचंच कशाला? कारण खाज चाव्याने सुटली तरी घासून फाटलेली कातडी भरून येणं, नवे केस येणं, कातडीचा वरचा थर घट्ट राहणं ही कामं जस्त-तांब्यावाचून नीट होत नाहीत. जस्त लागतं ते पेशींच्या विभाजनाला आणि केराटिन तयार व्हायला. तांब्यावर चालणारं एक विकर (एन्झाइम) कोलॅजनचे धागे एकमेकांना बांधतं, दुसरं केसांचा रंग बनवतं. सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व दाह चालू असताना पेशींचं आवरण सांभाळतात. ही बाजू कमकुवत असलेला घोडा तेवढ्याच चाव्यांनी जास्त बिघडतो आणि सावरायला जास्त वेळ घेतो. खनिजांकडून अपेक्षा ठेवायची ती एवढीच.

आधी खाज कशाची ते ठरवा

निदानासाठी लक्षात ठेवण्यासारखी खूण ही: खनिजांच्या कमतरतेने केस रुक्ष होतात, रंग उडतो, कातडीला खवले सुटतात, पण नुसत्या कमतरतेने घोडा रात्रभर खांबाला अंग घासत नाही. जस्त मुद्दाम कमी ठेवलेल्या शिंगरांमध्ये पायांच्या खालच्या भागापासून केस गळणं आणि जाड खपल्या धरणं दिसलेलं आहे. मोठ्या घोड्यात नैसर्गिकरीत्या असा आजार क्वचितच सापडतो. तीव्र खाज असेल तर कारण दुसरीकडे शोधा.

चिलटांची ॲलर्जी ऋतूनुसार येते-जाते. आयाळीचं मूळ, शेपटीचं बूड, कपाळ, कान आणि पोटाची मधली रेघ या तिच्या जागा. फक्त शेपटीचं बूड घासलं जात असेल तर आधी गुदाभोवतीचे जंत तपासा: पारदर्शक चिकटपट्टी सकाळी गुदद्वाराभोवतीच्या कातडीवर दाबून काढा आणि पशुवैद्याकडून सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्या. या जंताची अंडी कातडीवर चिकटलेली असतात, त्यामुळे लिदीच्या नेहमीच्या तपासणीत ती बहुधा सापडत नाहीत. हिवाळ्यात खाज वाढत असेल तर आयाळ फाकवून बॅटरीच्या उजेडात उवा-लिखा शोधा. पायांवर भरपूर केस असलेला घोडा पाय आपटत असेल तर खरजेचे किडे संशयित. गोल, खवलेदार आणि फारसे न खाजणारे चट्टे गजकर्णाचे असू शकतात. ते माणसाला लागतं, हातमोजे घाला. भाजल्यासारखे चट्टे फक्त पांढऱ्या केसांखालच्या गुलाबी कातडीवर असतील तर तो उन्हाचा किंवा यकृताचा प्रश्न आहे, तिथे हा लेख बाजूला ठेवून पशुवैद्याला बोलवा. अंगभर गांधी उठून तोंड सुजलं किंवा श्वास लागला तर त्याच क्षणी बोलवा.

रक्तावरून ॲलर्जी सांगणाऱ्या चाचण्यांवर फार विसंबू नका. निरोगी घोड्यांमध्येही त्या ‘सकारात्मक’ येतात. त्यांचा खरा उपयोग लसोपचारासाठी (ज्याची ॲलर्जी तेच थोडं थोडं टोचणं) घटक निवडताना होतो, आणि तिथेही कातडीत टोचून केलेली चाचणी वरचढ मानली जाते.

वैरणीचा नमुना: सगळा हिशोब यावर उभा

घोड्याच्या पोटात जाणाऱ्यातला मोठा वाटा वैरणीचा. तिच्यात काय आहे हे न कळता वरून काय द्यायचं ते ठरवता येत नाही. रक्ताची तपासणी ही सोपी पळवाट वाटते, पण तांबं-जस्ताच्या बाबतीत ती फसवते. शरीरात दाह असताना रक्तातलं तांबं वर जातं आणि जस्त खाली येतं, आणि तुमच्या घोड्याला दाह तर आहेच. त्यात साध्या नळीच्या रबरी बुचातूनही जस्त रक्तात उतरतं, म्हणून तपासायचंच असेल तर सूक्ष्म मूलद्रव्यांसाठीची खास नळी लागते. तांब्याचा साठा खरा कळतो यकृताच्या तुकड्यावरून, आणि खाजेसाठी कोणी तेवढं करत नाही. केसांच्या तपासणीचंही तसंच: तांबं-जस्तासाठी ती भरवशाची नाही. सेलेनियम मात्र रक्तातून चांगलं कळतं, ते जरूर तपासा.

नमुना असा घ्या. एकाच कापणीच्या, एकाच शेतातल्या गवताच्या किमान १५ ते २० गठ्ठ्यांतून नमुना हवा. पोकळ गिरमिट गठ्ठ्याच्या अरुंद बाजूने ३० ते ४० सेंटिमीटर आत घालून गाभा काढा. मूठभर गवत उपसून घेतलं तर पानं गळून जातात, काड्या उरतात आणि अहवाल खोटा येतो. सगळे गाभे स्वच्छ प्लॅस्टिकच्या बादलीत एकत्र करा. जस्ताचा मुलामा दिलेली पत्र्याची बादली नको, कारण तपासायचं आहे जस्तच. त्यातला २०० ते २५० ग्रॅमचा नमुना हवाबंद पिशवीत भरा. जमिनीवर सांडलेलं उचलू नका, चिमूटभर मातीनेही लोहाचा आकडा दुप्पट होऊ शकतो.

प्रयोगशाळेला स्पष्ट सांगा: खनिजं आयसीपी किंवा तत्सम रासायनिक पद्धतीने मोजा, एनआयआर किरणांच्या झटपट पद्धतीने नाही. ती पद्धत प्रथिनं आणि तंतूंसाठी ठीक आहे, तांब्यासाठी तिचा आकडा म्हणजे अंदाज. तांबं, जस्त, मँगनीज, लोह आणि सेलेनियम हे पाच मागा. सेलेनियमचे पैसे बहुधा वेगळे पडतात, तरी ते टाळू नका. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी असेल आणि भांड्यांना तांबूस डाग पडत असतील तर पाण्यातलं लोहही मोजून घ्या. घोडा रोज २५ ते ४० लिटर पितो, तेव्हा लिटरला ५ मिलिग्रॅम लोह असलं तरी दिवसाला १२५ ते २०० मिलिग्रॅम पोटात जातं.

आकडेमोड

घोड्याचं वजन काटा नसेल तर फीतीने काढता येतं. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या टोकापासून कुल्ह्याच्या मागच्या टोकापर्यंतची लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, म्हणजे किलोतलं वजन. १८० सेंटिमीटर घेर आणि १६५ सेंटिमीटर लांबी असेल तर ४५० किलो.

गरजेसाठी अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलचं २००७ सालचं कोष्टक जगभर वापरतात. विश्रांतीतल्या ५०० किलोच्या मोठ्या घोड्याला रोज तांबं १०० मिलिग्रॅम, जस्त ४००, मँगनीज ४००, लोह ४००, आयोडीन ३.५ आणि सेलेनियम १ मिलिग्रॅम. गाभण घोडी, दूध पाजणारी घोडी आणि शिंगरू यांचे आकडे वेगळे आहेत, त्यांना हा हिशोब लावू नका.

आता एक नमुनेदार अहवाल घेऊ. विश्रांतीतला ५०० किलोचा घोडा रोज १० किलो सुकं गवत खातो, त्यात पाणी १० टक्के, म्हणजे कोरडा भाग ९ किलो. अहवालात दोन रकाने असतात, ‘आहे तसं’ आणि ‘कोरड्या भागावर’. कोणताही घ्या, पण गुणाकार त्याच जातीच्या किलोंनी करा. सर्वांत जास्त गफलत इथेच होते. पीपीएम आणि मिलिग्रॅम प्रति किलो हे एकच.

कोरड्या भागात तांबं ६, जस्त २०, मँगनीज ८०, लोह २५० आणि सेलेनियम ०.०५ मिलिग्रॅम प्रति किलो निघालं. प्रत्येकाला ९ ने गुणा:

तांबं ५४ मिलिग्रॅम, हवं १००.
जस्त १८०, हवं ४००.
मँगनीज ७२०, हवं ४००.
लोह २,२५०, हवं ४००.
सेलेनियम ०.४५, हवं १.

पुष्कळ गवतांचे अहवाल याच वळणाचे येतात: लोह गरजेच्या कित्येक पट, मँगनीज पुरेसं, तांबं-जस्त निम्म्यावर. कोष्टकाचा आकडा ही किमान गरज आहे आणि लोह भरमसाट असताना नुसती किमान गाठणं अपुरं वाटतं, म्हणून कातडी दुखावलेल्या घोड्यासाठी गरजेच्या दीडपटीच्या आसपास लक्ष्य ठेवतात: तांबं १५०, जस्त ५५०. दोघांचं प्रमाण एकास तीन ते चार ठेवा. जस्त एकटंच वाढवत गेलात तर ते आतड्यातून तांब्याचं शोषण अडवतं. जस्त वितळवण्याच्या कारखान्यांजवळ चरणाऱ्या शिंगरांमध्ये तांब्याच्या कमतरतेचे सांध्याचे विकार यामुळेच दिसले आहेत.

लोहाला चार, तांब्याला एक, जस्ताला चार आणि मँगनीजला चार असं गुणोत्तर गाठा, असाही सल्ला फिरतो. तो कोष्टकातल्या गरजांच्या प्रमाणावरून काढलेला आहे. वरच्या उदाहरणात तो शब्दशः पाळायचा तर तांबं ५६० मिलिग्रॅमवर न्यावं लागेल. लोह घोड्यात तांब्याचं शोषण किती अडवतं याचा पुरावा गाई-मेंढ्यांइतका भक्कम नाही, तेव्हा एवढ्या टोकाला जायची गरज आम्हाला दिसत नाही. लोह जास्त आहे ना? मग वरून लोहाचा कण घालू नका आणि तांबं-जस्त दीड ते दोन पटींत ठेवा.

म्हणजे आपल्या घोड्याला वरून द्यायचं तांबं ९६ मिलिग्रॅम आणि जस्त ३७० मिलिग्रॅम. मँगनीज शून्य. तयार चंदी किंवा बॅलन्सर (थोड्या मात्रेत द्यायचं जीवनसत्त्व-खनिजांचं खाद्य) चालू असेल तर त्यातून मिळणारं आधी वजा करा. पाकिटावरचा आकडा ‘प्रति किलो’ असतो, आणि तुम्ही देता ३०० ग्रॅम. पाकिटावर सांगितलेल्या मात्रेच्या निम्मीच चंदी जात असेल तर खनिजंही निम्मीच जातात. घोडा ‘पूर्ण आहारावर’ असूनही उपाशी राहतो तो असा.

चाटायच्या तांबड्या ठोकळ्याचंही गणित करून बघा. त्यावर किलोला ३०० मिलिग्रॅम तांबं लिहिलं असेल आणि घोडा रोज ३० ग्रॅम चाटत असेल, तर मिळालं ९ मिलिग्रॅम. तांबडा रंग सहसा लोहाच्या ऑक्साइडचा. मिठासाठी साधा पांढरा ठोकळा किंवा चंदीतलं २५-३० ग्रॅम मीठ जास्त बरं.

मिश्रण बनवणं

तुमच्या तुटीशी जुळणारं तयार तांबं-जस्त मिश्रण मिळालं तर तेच घ्या, कष्ट वाचतात. मात्र त्यात लोह नसावं, आणि सेलेनियम असेल तर ते मोजणीत धरा.

स्वतः बनवायचं असेल तर पशुखाद्य दर्जाचं मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि पशुखाद्य दर्जाचं झिंक सल्फेट मोनोहायड्रेट लागेल. फवारणीचं मोरचूद नको, त्यात शिसं-आर्सेनिकसारखी भेसळ किती आहे याची हमी नसते. मोरचुदात २५ टक्के तांबं असतं, झिंक सल्फेट मोनोहायड्रेटमध्ये ३५ टक्के जस्त. सात पाण्याचं झिंक सल्फेट (हेप्टाहायड्रेट) मिळालं तर त्यात जस्त जेमतेम २२ टक्के. पाकीट न वाचता एकाच्या जागी दुसरं घातलं की मात्रा तिसऱ्या हिश्श्याने घटते. तांब्याचा ऑक्साइड घेऊ नका, तो नीट शोषला जात नाही.

९६ भागिले ०.२५, म्हणजे रोज ३८४ मिलिग्रॅम मोरचूद. ३७० भागिले ०.३५, म्हणजे रोज साधारण १,०५७ मिलिग्रॅम झिंक सल्फेट. इतकं रोज चमच्याने मोजता येत नाही, तेव्हा ३० दिवसांचं एकदम करा: मोरचूद ११.५ ग्रॅम, झिंक सल्फेट ३१.७ ग्रॅम, आणि बारीक चाळलेला कोंडा इतका की सगळं मिळून १,५०० ग्रॅम भरेल. रोजची मात्रा ५० ग्रॅम, सकाळ-संध्याकाळ पंचवीस-पंचवीस.

०.१ ग्रॅमपर्यंत अचूक काटा लागेल. मोरचुदाचे खडे आधी खलबत्त्यात पिठासारखे कुटून घ्या. तोंडाला मुसकं, हातात मोजे, डोळ्याला चष्मा: ही पूड डोळ्यांना आणि फुप्फुसांना त्रास देते. दोन्ही क्षार आधी मूठभर कोंड्यात मिसळा, मग त्याच्या दुप्पट कोंड्यात, मग त्याच्या दुप्पट, असं वाढवत न्या. सगळा कोंडा एकदम ओतून ढवळलं तर एका कोपऱ्यात निळे गोळे राहतात आणि एखाद्या दिवशी घोड्याला आठवड्याची मात्रा जाते. शेवटी दोन चमचे तेल चोळा, नाहीतर जड क्षार डब्याच्या तळाशी बसतो. हवाबंद डबा, कोरडी जागा. यात ई जीवनसत्त्व मिसळून ठेवू नका, तांब्याच्या सान्निध्यात ते नासतं. ते रोज वेगळं द्या.

सल्फेट तुरट-कडू लागतं आणि घोडा हुशार असतो. पहिला आठवडा पाव मात्रा, दुसरा आठवडा अर्धी, तिसऱ्यापासून पूर्ण. कोरडी टाकण्यापेक्षा भिजवलेल्या चंदीत कालवा. तरीही घोडा तोंड फिरवत असेल तर सल्फेट सोडून अमिनो आम्लाशी जोडलेलं तांबं-जस्त घ्या, ते चवीला सौम्य असतं. त्याचं शोषण कैक पटीने जास्त होतं ही जाहिरात मनावर घेऊ नका, घोड्यांवरच्या प्रयोगांत निकाल एकसारखे आलेले नाहीत. जास्तीचे पैसे मोजायचेच तर चवीसाठी मोजा.

याच आवारात मेंढ्या असतील तर घोड्याचं उष्टं घमेलं त्यांच्यापर्यंत पोचू देऊ नका. घोडा तांबं भरपूर पचवतो. मेंढीच्या यकृतात ते साठत जातं आणि एके दिवशी जीव घेतं.

सेलेनियम: इथे हात आखडता

तांबं-जस्तात थोडं इकडेतिकडे झालं तर घोडा सहन करतो. घोड्याच्या खाद्यात किलोला २५० मिलिग्रॅम तांबं आणि ५०० मिलिग्रॅम जस्त ही सहनशक्तीची हद्द मानतात, आणि आपण तिच्या जवळपासही नाही. सेलेनियमची गरज आणि विष यांच्यातलं अंतर मात्र खूप कमी आहे. २००९ च्या एप्रिलमध्ये फ्लोरिडात एका मोठ्या पोलो स्पर्धेच्या वेळी २१ घोडे मेले. त्यांना टोचलेल्या जीवनसत्त्व-खनिजांच्या मिश्रणात सेलेनियम भलतंच जास्त पडलं होतं.

खाजऱ्या घोड्याच्या मालकाने आणखी एक ध्यानात ठेवावं. सेलेनियम दीर्घकाळ जास्त गेलं की आयाळ आणि शेपटीचे केस गळतात. म्हणजे ॲलर्जीसाठी सेलेनियम वाढवलं, केस आणखी गेले, म्हणून ते आणखी वाढवलं, असं चक्र सहज सुरू होतं. वेगळं ओळखायचं तर खुरांकडे बघा: विषबाधेत खुराच्या वरच्या कडेला समांतर आडव्या वळ्या आणि भेगा पडतात, घोडा लंगडतो, आणि केस गळलेल्या जागी खाजेच्या जखमा नसतात.

म्हणून शुद्ध सेलेनियमचा क्षार घरी कधीही तोलू नका. ठरावीक मात्रेचं तयार उत्पादन वापरा. वरच्या उदाहरणात वैरणीतून ०.४५ मिलिग्रॅम येतंय, वरून १ मिलिग्रॅम दिलं की काम झालं. वैरण, चंदी, बॅलन्सर आणि पूरक धरून ५०० किलोच्या घोड्याला रोजची बेरीज १ ते २ मिलिग्रॅममध्ये ठेवा, ३ च्या वर नेऊ नका. दोन-तीन पाकिटांत थोडं थोडं सेलेनियम असतं आणि बेरीज कोणी करत नाही. वैरणीचा अहवाल नसेल तर सेलेनियम देऊच नका, आधी रक्त तपासा. जोडीला ई जीवनसत्त्व ५०० ते १,००० आययू (आंतरराष्ट्रीय एकक) रोज द्या, सुक्या गवतात ते उरलेलं नसतं. हिरव्या कुरणावर चरणाऱ्याला त्याची सहसा गरज नाही.

काय घालू नये

लोहाचं ‘रक्तवाढी’चं टॉनिक. मोठ्या घोड्याला चाऱ्यातून लोह कमी पडणं जवळपास होतच नाही. नवजात शिंगरांना तोंडाने दिलेल्या लोहाने यकृत निकामी होऊन मृत्यू झाले आहेत.

समुद्री शेवाळाची पूड. तिच्यातलं आयोडीन भरपूर आणि बेभरवशाचं असतं, आणि आयोडीन कमी झालं तरी गलगंड, जास्त झालं तरी गलगंड. किलोला ३० मिलिग्रॅम आयोडीन असलेलं मीठ रोज ३० ग्रॅम दिलं की ०.९ मिलिग्रॅम होतं, उरलेलं वैरण आणि बॅलन्सरमधून मोजा.

माश्या-चिलटांसाठी लसूण. चिलटं पळतात याचा धड पुरावा नाही, पण मोठ्या मात्रेने लाल पेशी फुटून पंडुरोग होतो हे सिद्ध झालेलं आहे.

आणि जखमेवर मोरचूद. झिंक ऑक्साइडचं मलम घासलेल्या कातडीवर ठीक. मोरचूद मात्र कातडी जाळतं.

जवस मात्र करून बघण्यासारखं आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका प्रयोगात चिलटांची ॲलर्जी असलेल्या सहा घोड्यांना ४२ दिवस दळलेलं जवस दिलं, वजनाच्या किलोमागे साधारण १ ग्रॅम. कातडीच्या चाचणीत चिलटाच्या अर्काने उठणारी सूज त्यांच्यात कमी झाली. सहाच घोडे, आणि मोजली ती चाचणीची सूज, तबेल्यातली खाज नव्हे. जवसाच्या तेलावरच्या दुसऱ्या प्रयोगात तितका फायदा दिसला नाही. तरी ५० ग्रॅमपासून सुरू करून १०० ते २०० ग्रॅम रोज, ताजं दळून, द्यायला हरकत नाही. दळून ठेवलेलं खवट होतं.

चिलटं अडवल्याशिवाय यातलं काही दिसणार नाही

क्युलिकॉइडिस पहाटे आणि तिन्हीसांजेला चावतं, उडायला कमजोर असतं, ओलसर चिखलात आणि लिदीच्या ओल्या ढिगात वाढतं. त्यावरून उपाय ठरतात. दिवस मावळायच्या दोन तास आधी घोडा आत घ्या आणि सकाळी ऊन चढल्यावर सोडा. तबेल्यात मोठा पंखा थेट घोड्यावर लावा, ताशी दहाएक किलोमीटरचा वारा असला की हे चिलट उडायचं जवळपास सोडून देतं. दारं-खिडक्यांना अगदी बारीक जाळी लावा, डासांच्या साध्या जाळीतून ते निसटून येतं. पोट, मान आणि शेपटीचं बूड झाकणारी घट्ट विणीची झूल मोसम सुरू व्हायच्या आधी चढवा, खाज सुटल्यावर नाही. परमेथ्रिन या कीटकनाशकाचा वापर लेबलाप्रमाणे, आणि मांजरांपासून दूर, त्यांना ते विष आहे. खाज अनावर झाली तर स्टेरॉइडबद्दल पशुवैद्याला विचारा. घोडा लठ्ठ असेल किंवा त्याच्या खुरांना पूर्वी लॅमिनायटिस (खुराच्या आतला दाह) झाला असेल तर ते आधी सांगा.

फरक पडतोय का, हे कसं बघायचं

चिलटांचा मोसम सुरू व्हायच्या आठ ते बारा आठवडे आधी खनिजं सुरू करा. मोसमाच्या मध्यावर सुरू केलेल्या खनिजांबद्दल लोक निराश होतात, कारण आहेत ते केस तसेच राहतात. नव्या उगवणाऱ्या केसांतच फरक दिसतो, म्हणजे पुढची केसगळ होऊन जाईपर्यंत थांबावं लागतं. खुराला तर वरपासून खालपर्यंत वाढायला नऊ महिने ते वर्ष लागतं.

दर आठवड्याला एका ठरलेल्या दिवशी आयाळ, शेपटी, तोंड आणि पोट या चार जागांना ० ते ३ गुण द्या: ० म्हणजे स्वच्छ, १ म्हणजे तुटलेले केस, २ म्हणजे टक्कल आणि खपली, ३ म्हणजे उघडी जखम. बेरीज जास्तीत जास्त १२. त्याच उजेडात, त्याच अंतरावरून फोटो काढा. शेजारी त्या आठवड्याचं हवामान लिहा, कारण आठवडाभर सुटलेला वारा खनिजांचं श्रेय घेऊन जातो. खनिजं, झूल आणि नवं मलम एकाच दिवशी सुरू केलं तर कशाने काय झालं ते कळणार नाही. झूल आणि पंखा थांबवून ठेवू नका, ते लगेच लागतात. बाकीच्यात तीन-चार आठवड्यांचं अंतर ठेवा.

एखादं नवं पूरक सुरू केल्यावर गांधी उठल्या तर तेच आधी बंद करा. त्यातली मळी, चव आणणारे पदार्थ किंवा वनस्पतींची पूड ही स्वतंत्र ॲलर्जी देऊ शकते. खाद्याचीच ॲलर्जी असल्याचा संशय पक्का करायचा तर सहा ते आठ आठवडे एकाच प्रकारच्या साध्या गवतावर ठेवून, मग एक एक पदार्थ परत आणावा लागतो. त्या काळात आपलं कोंड्याचं मिश्रणही बंद.

गवताचा नवा साठा आला की नमुना पुन्हा काढा. दुसऱ्या शेतातल्या गवतात तांबं ६ च्या जागी ११ असू शकतं आणि सेलेनियम ०.०५ च्या जागी ०.३. तेव्हा तोच डबा, तेच ५० ग्रॅम आणि तीच सेलेनियमची गोळी जास्त होईल. डब्यावर तारीख, गवताच्या साठ्याचं नाव आणि रोजचे मिलिग्रॅम लिहून चिकटवा, म्हणजे मोतद्दार बदलला तरी मात्रा बदलत नाही.